लिथुआनियन लोक आणि त्यांचीं अक्षरें

जी भाषा केवळ चुलीपाशीं व शेतांत बोलली जाते, तिला ग्रंथांत स्थान कसें मिळतें, हें आज आपण एका लहान राष्ट्राच्या इतिहासावरून पाहूं.

बाल्टिक समुद्राच्या कांठीं लिथुआनिया देश आहे. तेथील भाषा आपल्या संस्कृताची दूरची बहीण होय. पुत्रास ती ‘सूनुस’ म्हणते व अग्नीस ‘उग्निस’. तरीही पुष्कळ काळ दरबाराचें लिखाण इतर भाषांत चाले.

इ. स. १५४७ मध्यें मार्तीनास माझ्वीदास यांनीं प्रशियांतील कोनिग्सबर्ग येथें या भाषेंतील पहिलें पुस्तक छापविलें. तें धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांचें असून त्यांत वर्णमाला व ११ गीतेंही होतीं. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस नुसतें पुस्तक देऊन काय उपयोग? म्हणून अक्षरओळखही त्यांतच घातली. पुढें १५९९ मध्यें कॅथलिक पंथाच्या दाउक्शा यांनीं विल्नियस येथें उपदेशांचा मोठा ग्रंथ छापून मातृभाषेचा कैवार घेतला. १६५३ मध्यें पाळक दानिएल क्लाइन यांचें व्याकरण निघालें, आणि १७३५ मध्यें संपूर्ण पवित्र शास्त्र छापून झालें.

आतां लेखनपद्धतीकडे वळूं. रोमन लिपींत ‘श’ व ‘च’ यांस स्वतंत्र अक्षरें नाहींत. म्हणून पूर्वीं पोलिश रीतीनें दोन अक्षरें जोडून लिहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, चेक लोकांप्रमाणें, एकाच अक्षराच्या डोक्यावर खूण देण्याची रीत आली. कांहीं स्वरांखालीं मात्र एक लहान आंकडी असते. ‘पुत्रास’ या अर्थाचा शब्द संस्कृतांत ‘सूनुम्’ असा आहे. लिथुआनियन भाषेंतही त्याच्या अंतीं पूर्वीं नाकांतला ध्वनि होता. आतां प्रमाण भाषेंत नुसता दीर्घ ‘सूनू’ ऐकूं येतो. परंतु ती आंकडी विभक्ति दाखविते, म्हणून राखली आहे. जुन्या वळणाच्या मराठींत ‘केलें’ यावरील अनुस्वार उच्चारांत नसतांही लिहीत, त्यासारखेंच हें आहे.

या अक्षरांसाठीं लोकांनीं मोठें मोल दिलें. १८६३ च्या बंडानंतर रशियन सरकारनें रोमन लिपींतील लिथुआनियन छपाई बंद करून रशियन अक्षरें लादलीं. लोकांनीं तीं पुस्तकें घेतलीं नाहींत. प्रशियांत तिल्सित वगैरे ठिकाणीं आपल्या अक्षरांत पुस्तकें छापून तीं पाठीवर लपवून रात्रीं सीमेपार आणीत. जे सांपडले त्यांतील कित्येकांस तुरुंग, कित्येकांस सैबेरिया भोगावा लागला. योनास याब्लोन्स्किस यांचें १९०१ चें व्याकरण, ज्यावर आजच्या प्रमाण लेखनाचा पाया आहे, तेंही तिल्सित येथेंच टोपणनांवानें छापावें लागलें. अखेर १९०४ मध्यें बंदी उठली. आज त्या वर्णमालेंत ३२ अक्षरें आहेत.

यावरून आपणांस दिसेल कीं, अक्षरें विद्वानांनीं ठरविलीं, पण राखलीं तीं वाचणाऱ्या साध्या लोकांनीं.

मनन करण्यास प्रश्न :
१. पहिल्या पुस्तकांत वर्णमाला कां घातली?
२. न उच्चारली जाणारी खूण राखण्याचें कारण काय?
३. सरकारनें दिलेलीं पुस्तकें लोकांनीं कां नाकारलीं?