फरशी सगळ्यात शेवटी

थाई धर्तीचे स्वयंपाकघर करायचे ठरले की पहिली फेरी टाइल्सच्या दुकानात होते आणि काम तिथेच बिघडायला लागते. हिरवट-निळी झिलई, सोनेरी वेलबुट्टी, कमळे, हत्ती, जमल्यास एखादी ध्यानस्थ मुद्रा, एवढे ओट्यामागच्या भिंतीला लावले की थायलंड घरी आले, असा सरसकट समज आहे. बँकॉकच्या वाट अरुणवर चिनी मातीच्या तुकड्यांची फुले आहेत खरी, पण ती देवळाच्या मनोऱ्यांवर. रोज रांधायच्या ओट्यावर बहुधा साधी पांढरी किंवा करडी लादी असते. बुद्धप्रतिमा शोभेसाठी वापरणे तर तिथे अनादराचेच मानतात. तेलाचे शिंतोडे उडणाऱ्या भिंतीवर ती लावण्याचा विचार महाराष्ट्रातही कुणी करू नये, कारण इथे शेजारच्याच घरात तिच्यासमोर वंदना होत असते. माझे म्हणणे एवढेच की थाई स्वयंपाकघर नक्षीत नाही. ते धूर, पाणी आणि कुटण्याचे दणके या तीन गोष्टींच्या सोयीत आहे. ती सोय आधी ठरली तर कोणती फरशी हवी हे फारसे विचारावे लागत नाही.

खांबांवर उभ्या जुन्या लाकडी थाई घरात स्वयंपाकाची खोली राहत्या खोल्यांपासून वेगळी काढलेली असे. फळ्यांच्या फटींतून सांडपाणी खाली जाई, भिंतीच्या फटींतून धूर बाहेर. सिमेंटची घरे आली तशा फटी गेल्या, पण गरज राहिलीच. म्हणून आजही बँकॉकच्या उपनगरांतल्या कितीतरी घरांत दोन स्वयंपाकघरे सापडतात. आतले चकचकीत असते, तिथे फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि कॉफीची सोय. मागच्या अंगणात छपराखाली, जाळीदार विटांच्या आडोशाने असते ते खरे. मोठ्या आचेवरच्या कढईत मिरच्या पडल्या की घरभर ठसका लागतो, आणि आंबवलेल्या कोळंबीचा लगदा भाजला की त्याचा वास पडदे सोडत नाही. कोकणात आणि गोव्यात सुकी मासळी मागच्या पडवीत भाजणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

ओटा सिमेंटचा आणि वर लादी, ही तिथली पद्धत आली आहे तीही सोयीसाठीच, पाण्याच्या आणि कुटण्याच्या. भुशाच्या फळ्यांची कपाटे ओलीने फुगतात, लाकडाला वाळवी लागते. 2011 च्या महापुरात बँकॉकच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत कित्येक आठवडे पाणी साचून होते. असे पाणी ओसरल्यावर सिमेंटचा ओटा धुऊन पुन्हा वापरता येतो, फुगलेली फळी टाकूनच द्यावी लागते. म्हणून खाली विटा-सिमेंट आणि दारे अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची. शिवाय दगडी खलात लसूण, गवती चहा, गलांगल कुटायचे तर ओटा हलून चालत नाही. माझा सल्ला असा की ओट्याचा एक हातभर भाग बाकीच्यापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली घ्या आणि खलाची जागा तीच ठेवा. उंच ओट्यावर कुटताना खांदे भरून येतात.

खरा घात लादीच्या खाली होतो. लादीच्या पाठीवर चार-पाच ठिकाणी सिमेंटच्या मसाल्याचे गोळे ठेवून ती दाबून बसवायची, हा झटपट मार्ग थाई मिस्त्र्यांनाही माहीत आहे. ते त्याला वाफवलेल्या पावाचे, सालापाओचे नाव देतात. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते. बैठकीच्या खोलीत ते एखादे वेळी खपून जाईल. खलाखाली मात्र अशी लादी तडकते आणि जमिनीवर त्याच पोकळीत पाणी मुरते. दातेरी थापीने अ‍ॅडहेसिव्ह सगळीकडे सारखे ओढायला लावा, आणि लावून झालेली प्रत्येक लादी नाण्याने वाजवून पाहा. बद्द आवाज आला तर ती काढायला सांगा. थायलंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक जास्तीची गोष्ट. बँकॉकखाली दहा-पंधरा मीटर मऊ चिकणमाती आहे. मूळ घर तिच्याखालच्या घट्ट थरापर्यंत नेलेल्या खांबांवर उभे असते, तर मागे वाढवलेले स्वयंपाकघर बऱ्याचदा आखूड खांबांवर. ते वेगळ्या गतीने खचते. दोन्हींवर सलग फरशी घातली की सांध्यावर ती फुटणारच, मग ती कितीही महाग असो. तिथे भिंती एकमेकींना बांधू नका, मध्ये फट सोडा आणि ती लवचिक सीलंटने भरा.

लादी निवडताना रंगाआधी ती पाणी किती शोषते ते विचारा. व्हिट्रिफाइड लादी अर्ध्या टक्क्याहून कमी शोषते, भिंतीची साधी चकचकीत लादी दहा टक्क्यांहून जास्त. दुसरी जमिनीवर घालणे म्हणजे पैसे वाया. जमिनीला खरखरीत, न घसरण्याच्या मापात निदान आर 10 प्रतीची घ्या, कारण थाई पद्धतीत फरशी पाणी ओतून धुतात. सांडपाण्याच्या जाळीकडे मीटरमागे एक सेंटिमीटर तरी ढाळ हवा, आणि हा ढाळ मोठ्या लाद्यांना नीट जमत नाही. लहान लाद्या घेतल्या तर सांधे वाढतात, सांध्यांत हळद बसते, असे लोक म्हणतात. खरे आहे. साधा सिमेंटचा ग्राउट हळद, चिंच आणि लिंबापुढे टिकत नाही, म्हणून निदान ओट्याला आणि शेगडीमागच्या भिंतीला एपॉक्सी भरा. ती महाग पडते आणि ती भरायला हात बसलेला माणूस लागतो.

फ्लॅटमध्ये मागचे अंगण कुठून आणायचे, हा आक्षेप नेहमीचा आणि रास्तही. पण धुण्याची बाल्कनी असते. सोसायटीची परवानगी आणि खालच्या घराचे वॉटरप्रूफिंग पाहून तिथे एक शेगडी आणि कुटण्याचा ओटा बसतो. जे नको ते म्हणजे तीन बाजूंनी काचा लावून तिची खोली करणे. चिमणी आहे ना, असेही विचारतात. चिमणी वाफ आणि बराचसा तेलकट धूर ओढते, पण खाली साचणारा गॅस ओढत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला जमिनीलगत भोके हवीत. रस्त्यावरच्या थाई हातगाडीसारखी आच मिळावी म्हणून जास्त दाबाची शेगडी घरगुती रेग्युलेटरला जोडायचा नाद तर अजिबात करू नका. त्यापेक्षा पातळ लोखंडी कढई घ्या आणि एका वेळी थोडेच परता.

मिस्त्रीशी बोलताना क्रम बदलू देऊ नका. आधी नळ, जाळी आणि वारा, मग वॉटरप्रूफिंग, त्यावर ढाळाचा कोबा. कोबा सुकला की लाद्यांची खोकी उघडण्याआधी त्यावर दोन बादल्या पाणी ओता. कोपऱ्यात थारोळे राहिले तर कोबा त्याच दिवशी दुरुस्त होतो. मिस्त्री म्हणेल, लादीने उतार काढून देतो. त्याला नाही म्हणा.