वाचायची गोडी लागते कशी?

ताईंनो, गटात आल्यापासून आपलं वाचन वाढलं हे खरंच आहे. पासबुक, कर्जाचा अर्ज, ठराव, बँकेची नोटीस, प्रशिक्षणाची पुस्तिका. पण हे सगळं कामाचं वाचन. काम झालं की कागद पिशवीत आणि पिशवी खुंटीला. या वेळच्या पाठात आपण दुसऱ्या वाचनाचा विचार करू. त्यातून काही मिळवायचं नसतं, फक्त ‘पुढं काय झालं असेल?’ एवढीच ओढ असते.

कुणी म्हणेल, ही चैन आपल्याला कुठली परवडायची? आधी त्याचंच उत्तर देते. आपल्यातल्या कितीतरी जणी चौथी, सातवी शिकून शाळेतून निघाल्या. लग्न झालं, घर आलं, शेत आलं, पुस्तक हातात आलं नाही. दहा-पंधरा वर्षांनी हातात राहिली फक्त सही. विळा नुसता पडून राहिला की गंजतो, तसंच हे आहे. मग बैठकीत कागद पुढं आला की आपण म्हणतो, ‘तुम्हीच वाचा, मी सही करते.’ लिपिका कितीही प्रामाणिक असली तरी गटाचा हिशोब दोन डोळ्यांनी वाचणं वेगळं आणि वीस डोळ्यांनी वाचणं वेगळं. महिन्यातून एकदा पासबुक बघून वाचन टिकत नाही. ते रोज थोडं थोडं झालं तरच टिकतं. आणि बाईमाणूस दिवसभराच्या कामानंतर रोज जे करील ते एकतर सक्तीचं असेल, नाहीतर आवडीचं. सक्ती आपल्याकडे आधीच पुष्कळ आहे.

आता गोडी का लागत नाही ते बघू. ‘मला वाचनाची आवडच नाही’ असं म्हणणारीची खरी अडचण बहुतेक वेळा आवडीची नसते, वेगाची असते. ‘परतफेडीच्या’ हा शब्द घ्या. सवय नसलेली बाई तो प, र, त, फे, डी, च्या असा जोडत जाते. सगळं लक्ष अक्षरं जोडण्यात खर्च होतं. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून निघून गेलेली असते. अशा वाचनात गोष्ट दिसतच नाही, मग गोडी कशाची लागणार? तीच बाई एसटीची पाटी मात्र लांबून ओळखते. सातारा, पंढरपूर, स्वारगेट. तिथं ती अक्षरं जोडत बसत नाही, पुन्हा पुन्हा बघून तो शब्द तिच्या डोळ्याच्या ओळखीचा झालेला असतो. सराईत वाचणारीला पुस्तकातले बहुतेक शब्द असेच एसटीच्या पाटीसारखे दिसतात. म्हणून ती पळत वाचते आणि गोष्टीत रमते.

म्हणजे उपाय काय? सोपं वाचायचं, पण भरपूर वाचायचं. आपण नेमकं उलटं करतो. पुस्तक घ्यायचं म्हटलं की जाडजूड, मानाचं, सगळे चांगलं म्हणतात ते घेतो आणि चौथ्या पानावर झोप लागते. त्यापेक्षा मुलाचं दुसरी-तिसरीचं पुस्तक घ्या. त्यात कमीपणा अजिबात नाही. एक साधी परीक्षा आहे: कुठलंही एक पान उघडून वाचा, अडखळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक आज ठेवून द्या. पुढल्या वर्षी तेच पुस्तक सोपं लागेल. आणि आवडलेली गोष्ट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचायला मुळीच लाजू नका. दुसऱ्या वाचनात पाय मोकळे पडतात.

इथं फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. जन्म १९२९ चा, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा. दलित कुटुंब, शाळा थोडी आणि लग्न लहानपणीच. फलटणला नवरा-बायकोनं छोटं दुकान चालवलं. दुकानात माल बांधायला रद्दी यायची. गिऱ्हाईक नसलं की बेबीताई ती रद्दी वाचायच्या. फाटका कागद, बातमीचं अर्धं तोंड इकडे आणि शेपूट दुसऱ्याच पुडीला गेलेलं! तरी वाचायच्या. रद्दीवरून भूक वाढली तशा त्या वाचनालयापर्यंत पोचल्या. पुढं त्यांनी स्वतःचं आणि आपल्या समाजातल्या बायकांचं जगणं लिहून काढलं आणि ते वीसेक वर्षं घरातल्या माणसांपासून लपवून ठेवलं. फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या भाषा-अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनानं ते लिखाण उजेडात आलं, ‘स्त्री’ मासिकात क्रमशः छापलं गेलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावानं त्याचं पुस्तक झालं. आज ते इंग्रजीतही वाचलं जातं.

या गोष्टीतलं मला महत्त्वाचं वाटतं ते शेवटचं पुस्तक नव्हे, सुरुवातीची रद्दी. तो कागद त्यांना कुणी वाचायला दिला नव्हता. त्यावर कुणी प्रश्न विचारणार नव्हतं. परीक्षा नव्हती, बक्षीस नव्हतं. मन लागलं तर वाचायचं, नाही लागलं तर त्यात शेंगदाणे बांधून द्यायचे. अशा मोकळेपणातच गोडी धरते.

शाळेनं आपल्यापैकी बऱ्याच जणींचा हा मोकळेपणा घालवला, हे सांगायला हरकत नाही. उभं राहून धडा वाचायचा, अडखळलं की वर्ग हसायचा, आणि धडा कितीही गोड असला तरी त्याच्या शेपटाला प्रश्न बांधलेले. दानियल पेनाक नावाचे एक फ्रेंच लेखक शिक्षकही होते. वाचनाला कंटाळलेल्या मुलांना त्यांनी अभ्यास म्हणून काही दिलं नाही. नुसती कादंबरी हातात घेऊन वर्गात मोठ्यानं वाचायला लागले. मुलं ऐकता ऐकता पुढचं कळेना म्हणून स्वतःच पुस्तकाला हात घालू लागली. १९९२ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात वाचणाऱ्याचे दहा हक्क सांगितले. न वाचण्याचा हक्क, मधली पानं गाळण्याचा हक्क, पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क, तेच पुन्हा वाचण्याचा हक्क, असे. आपण गटात हक्कांविषयी खूप बोलतो, पण पुस्तक अर्धवट सोडायचाही हक्क असतो हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पेनाक यांनी केलं ते आपल्याला नवीन नाही. श्रावणात पोथी लावायची पद्धत आपल्याकडे होतीच, काही गावांत अजून आहे. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’ असे ग्रंथ. एकानं वाचायचं, अर्थ सांगायचा, आणि बाकीच्यांनी वाती वळत, धान्य निवडत ऐकायचं. आपल्या आज्यांना अक्षर येत नव्हतं, पण द्रौपदी कुठं काय बोलली ते तोंडपाठ होतं. कथेची गोडी त्यांना कानानं लागली. वाचणारा मात्र बहुधा पुरुष असायचा आणि पोथी कुठली लावायची तेही बायका ठरवत नव्हत्या. एवढा बदल आता आपण करू शकतो.

असा बदल लांब क्युबा देशात कामगारांनी केला होता. तिथं सिगार, म्हणजे तंबाखूच्या जाड विड्या, हातानं वळतात. दिवसभर बसून एकच काम. (आपल्या सोलापूरच्या, सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बहिणींना हे वेगळं सांगायला नको.) १८६५ साली हवाना शहरातल्या कारखान्यात वाचक बसवायची पद्धत सुरू झाली. एक जण उंच जागी बसून मोठ्यानं वाचणार, बाकीचे हातानं काम करत ऐकणार. वर्तमानपत्रंही वाचायची आणि कादंबऱ्याही. वाचणाऱ्याचा पगार मालक देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत, आणि पुढची कादंबरी कोणती ते कामगारच ठरवत. सरकारला याची भीती वाटली, १८६६ मध्ये बंदीही आली, पण पद्धत पुन्हा उभी राहिली. अलेक्झांडर द्यूमाची ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ ही कादंबरी तिथल्या कामगारांची फार लाडकी. एका सिगारला त्यावरूनच माँटेक्रिस्टो नाव पडलं असं सांगतात. मजुरीतून वर्गणी, सगळ्यांच्या मतानं निर्णय. हा बचत गटच की!

आपल्याकडे पापड, शेवया, मसाला, शिवणकाम एकत्र बसून चालतं. दहा जणी पापड लाटताना एकीनं वाचलं तर पापड काही कमी होत नाहीत. वाचणारीचे पापड बाकीच्यांनी वाटून घ्यायचे, म्हणजे तिची मजुरी बुडणार नाही. हे मात्र आधी ठरवून घ्या, नंतर कुरबुर नको.

घरच्यांचं काय? रिकामी बाई टीव्हीपुढं बसली तर कुणी बोलत नाही, पुस्तक घेऊन बसली की ‘आता कलेक्टर होणार काय?’ हे दुखणं जुनं आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवऱ्यानं शिकवायला घेतलं आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सुरू झाले. त्यांनी ते आपल्या आठवणींच्या पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे. ते पुस्तक १९१० साली आलं. इतक्या मोठ्या घरात हे, तर आपलं काय! माझं मत असं की भांडायला जाऊ नये. सासूबाईंना जवळ बसवून त्यांनाच वाचून दाखवावं. गोष्ट रंगात आली की त्याच विचारतात, ‘आज नाही का वाचायचं?’ मुलांचंही तसंच. ‘वाच, वाच’ म्हणून मूल वाचत नाही. आई स्वतःच्या आनंदासाठी पुस्तकात हसताना दिसली की ते वाकून बघतं, त्यात काय आहे म्हणून.

आता पुस्तकं कुठून आणायची? विकत घ्यायची गरज नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत गोष्टीची पुस्तकं असतात, कपाटात असतील तर बाईंना किंवा गुरुजींना भेटून मागा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं अ, ब, क, ड वर्गाची शासनमान्य वाचनालयं राज्यभर आहेत. आपल्या किंवा शेजारच्या मोठ्या गावात चौकशी करा, वर्गणी किती ते विचारा. मोबाइलवर आपण दिवसभर काहीतरी वाचतोच, पण चार ओळींच्या निरोपांनी लांब वाचायची सवय लागत नाही. त्याच मोबाइलवर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक फुकट वाचायला मिळतात. हे मासिक १९७१ पासून निघतं. मुलांचं आहे, भाषा सोपी, गोष्टी लहान. सुरुवात करायला मला तरी यापेक्षा चांगलं काही दिसत नाही.

थोडं वाचन सुधारलं की व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ घ्या. एकेका माणसाचं एकेक छोटं प्रकरण, आणि माणसं आपल्याच वेशीतली वाटतील अशी. हसायचं असेल तर शंकर पाटील किंवा द. मा. मिरासदार यांच्या गावाकडच्या कथा. मोठ्यानं वाचायला साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ फार सोयीचं, कारण ते पुस्तकच रोज रात्री एक आठवण सांगितल्यासारखं लिहिलं आहे. प्रकरणाला ‘रात्र’ म्हणतात. एका बैठकीला एक रात्र. रडू येईल, येऊ द्या.

पुढच्या बैठकीत करून बघायचं ते असं. वाचन बैठकीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटी नको. शेवटी सगळ्यांचं लक्ष चुलीकडे असतं. शिवाय गोष्ट सुरुवातीला असली की उशिरा येणाऱ्याही वेळेवर येतात. फक्त दहा मिनिटं. जिला बऱ्यापैकी वाचता येतं तिनं आदल्या दिवशी घरी एकदा वाचून यावं, म्हणजे अडखळणार नाही. कुणालाही जबरदस्तीनं वाचायला उभं करू नका. ज्या ताईला येत नाही तिनं ऐकावं, तिचं तेच वाचन. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलात?’ असं विचारू नका. विचारायचंच असेल तर ‘तुमच्या गावात असं माणूस होतं का?’ असं विचारा आणि मग बचत गोळा करायला वेळ उरतो का ते बघा. याची नोंद कुठल्याही रजिस्टरला करायची नाही.

दहा मिनिटं झाली की गोष्ट जिथं असेल तिथं थांबायचं, मग चोर दारात उभा असला तरी चालेल. पुस्तक आठवडाभर एकेका ताईच्या घरी पाळीनं ठेवायचं. तिनं मधल्या वेळात पुढचं वाचून काढलं तर काढू द्या. फक्त पुढल्या बैठकीपर्यंत तिनं तोंड उघडायचं नाही.