पाटील व पातशहा : महादजी शिंदे यांचे दिल्लीतील स्थान

शोगुनशाहीच्या अखेरच्या पर्वातील जपानमध्ये क्योतोस सम्राट, एदोस शोगुन व प्रांतोप्रांती ‘दाइम्यो’ म्हणविणारे मांडलिक सरदार अशी सत्तेची उतरंड होती. साताऱ्याचे छत्रपती, पुण्याचे पेशवे व त्यांचे सरदार ही मराठी मांडणी तिच्याशी ताडून पाहण्याजोगी आहे. मात्र दाइम्योंना एदोत ठराविक मुदतीने हजर राहावे लागे. महादजी शिंदे सुमारे बारा वर्षे पुण्यापासून दूर राहिले. शिवाय त्यांना दिल्लीचा पातशहा हा आणखी एक धनी होता.

डिसेंबर १७८४ मध्ये शाह आलम दुसरा याने ‘वकील-इ-मुतलक’ हे पद पेशव्यांना दिले व त्याची नायबगिरी महादजींकडे आली. फारसी किताबांच्या या दाटीत महादजी ‘पाटील’च म्हणवीत राहिले. यात केवळ नम्रतेचा देखावा पाहणे उथळपणाचे होईल. किताब धन्याच्या मर्जीने मिळे आणि मर्जीनेच जाई. कण्हेरखेडची पाटिलकी मात्र वंशपरंपरेची होती. तीन धन्यांच्या चाकरीत स्वतःचे म्हणावे असे तेवढेच होते.

या सत्तेच्या मर्यादाही कठोर होत्या. १७८७ च्या लालसोटच्या लढाईनंतर महादजींची उत्तरेतील पकड सैल झाली. ऑगस्ट १७८८ मध्ये गुलाम कादिराने लाल किल्ल्यात पातशहाचे डोळे काढले. शिंद्यांची फौज दिल्लीत शिरली ती ऑक्टोबरात, राणेखानाच्या हाताखाली. पानिपतात जखमी महादजींचा जीव वाचविणारा भिस्ती तो हाच. गुलाम कादिर पुढे पकडला व मारला गेला. तरी संरक्षक म्हणविणाऱ्याला झालेल्या या विलंबाचा ठपका चरित्रकाराला पुसता येत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे आणखी एक धागा सापडतो. पातशहा ‘आफताब’ या नावाने फारसीत लिही, हिंदीतही पदे रची. त्याचा मराठा नायब कृष्णभक्तीची मराठी पदे रचीत असे. दोघांच्या रचना एकत्र वाचल्यास दरबारी कागदांत न दिसणारी दिल्ली दिसू लागते.

जून १७९२ मध्ये महादजी पुण्यास आले आणि पातशाही फर्माने व वस्त्रे समारंभपूर्वक सवाई माधवरावांना अर्पण केली. त्या भेटीत त्यांनी पेशव्यांचे जोडे स्वतः पुढे केले, अशी कथा माल्कमने नोंदविली आहे. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्या छावणीत त्यांचा अंत झाला. दिल्ली शिंद्यांकडे राहिली ती सप्टेंबर १८०३ पर्यंत. पटपडगंजच्या लढाईनंतर लेकची इंग्रज फौज शहरात शिरली आणि आंधळा पातशहा तिच्या आश्रयास गेला.