भूमिगत इंधनटाकीची गळती आणि शेजारची विहीर

पेट्रोल पंपालगतच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला की शेतकरी बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत पाठवतो. अहवाल निर्दोष आला की विषय संपतो. परंतु नमुनाच सदोष घेतलेला असेल, तर अहवाल निरर्थक ठरतो आणि गळती चालूच राहते.

पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने ते मातीतून झिरपून भूजलपातळीवर तवंगासारखे पसरते. त्यातील बेंझिन, टोल्युइन, झायलिन ही द्रव्ये मात्र काही अंशी विरघळून प्रवाहाबरोबर दूर जातात. बेंझिन कर्करोगकारक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली त्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि इतक्या अल्प प्रमाणात नाकाला काहीही जाणवत नाही. वास नाही म्हणून पाणी सुरक्षित मानता येत नाही.

तपासाचा आरंभ पंपाच्या साठा-नोंदवहीपासून व्हावा. टँकरची आवक, विक्री आणि टाकीतील मोजमाप यांत सतत तूट दिसत असेल, तर संशयास आधार मिळतो. ही नोंदवही शेतकऱ्यास सहसा पाहावयास मिळत नाही. त्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करणे हाच योग्य मार्ग. त्यानंतर एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींची जलपातळी एकाच दिवशी, समान संदर्भबिंदूपासून मोजावी. त्यावरून प्रवाहाची दिशा कळते. गंगेच्या गाळाच्या मैदानात हे गणित बहुधा जुळते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांच्या वाटेने जात असल्याने उताराची विहीर स्वच्छ राहून बाजूचीच दूषित होऊ शकते. शिवाय मोटार दीर्घकाळ चालल्यास विहीर दूषित पाणी स्वतःकडे ओढून घेते. म्हणून उपशाचे तासही नोंदवावेत.

नमुन्यासाठी प्लास्टिकची बाटली वर्ज्य. ४० मिलिलिटरची, टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाची काचेची कुपी काठोकाठ भरावी. उलटी केली असता हवेचा बुडबुडा दिसता कामा नये. ही द्रव्ये बाष्पशील असल्याने पाणी खळबळवू नये व कुपी बर्फात ठेवावी. मातीचा नमुना भूजलपातळीच्या लगत वरच्या थरातून घ्यावा. वास येणाऱ्या विहिरीत कोणीही उतरू नये, जवळ विडीही पेटवू नये. बाष्पाचा स्फोट होऊ शकतो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने आणखी एक गुंता निर्माण केला आहे. जिवाणू प्रथम इथेनॉल फस्त करतात, त्यात भूजलातील प्राणवायू संपतो आणि बेंझिनचे विघटन मंदावून ते अधिक दूर पोहोचू शकते. उसाच्या पट्ट्यातील वाचकांनी याची विशेष नोंद घ्यावी.

मृदेतील स्प्रिंगटेलांवरून प्रदूषण ओळखता येईल का, असे विचारले जाते. फोल्सोमिया कँडिडा ही प्रजाती मृदा-विषाक्ततेच्या प्रमाणित चाचणीत वापरली जाते. पण स्प्रिंगटेल बहुतांशी वरच्या १०–१५ सेंटिमीटर थरात राहतात, तर टाकीची गळती काही मीटर खाली होते. त्यामुळे वर त्यांची संख्या भरपूर असली तरी खालची टाकी निर्दोष ठरत नाही. आणि संख्या घटली, तर त्यामागे कीटकनाशक किंवा नांगरणीही असू शकते. खोदून काढलेली दूषित माती उपचारानंतर सजीवांस कितपत मानवते, हे पाहण्यासाठी मात्र ही चाचणी खरोखर उपयुक्त आहे.