मॅग्नम घेण्याआधी काडतूस बघ

गेल्या दिवाळीत भाचा फराळाला आला. परवान्याचं काम होत आलं होतं, त्यामुळे बसल्या बसल्या त्याने विषय काढला, "मामा, सगळ्यात चांगलं मॅग्नम कोणतं ते सांगा. घरी, रस्त्यात, डबऱ्याच्या शेतावर, सगळीकडे चालेल असं एकच."

त्याने मला विचारण्याला कारण आहे. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले. पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर हिंदी. वडील, म्हणजे आमचे नाना, दाल बाजारात आडत करायचे आणि रोख घेऊन रात्री घरी यायचे. त्यांच्या कमरेला परदेशी बनावटीचं, चार इंची नळीचं .३५७ मॅग्नम असायचं. १९९४ साली नाना गेले आणि वारस म्हणून ते माझ्या परवान्यावर चढलं. अकरा वर्षं मी ते सांभाळलं, मग परवानाधारक व्यापाऱ्यामार्फत रीतसर विकलं आणि कानपूरचं .३२ घेतलं. या दोन हत्यारांनी जे शिकवलं ते भाच्याला सांगितलं, तेच इथे क्रमाने लिहितो.

१. आधी काडतूस ठरवा, हत्यार नंतर.

रिव्हॉल्व्हर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, काडतुसं संपतात. .३५७ मॅग्नम १९३५ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने आणलं. जुन्या .३८ स्पेशलचंच काडतूस सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांब केलं आणि आत दाब वाढवला. लांबी वाढवली ती मुद्दाम, हे जोरकस काडतूस जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये म्हणून. उलट मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र .३८ स्पेशल चालतं. सरावाला सौम्य काडतूस आणि गरजेला जोरकस, अशी दुहेरी सोय झाली. म्हणूनच जगभरातले जाणकार सर्व कामांसाठी एकच मॅग्नम निवडायचं तर चार इंची .३५७ सांगतात, आणि तिथे ते बरोबरच आहे.

पण आपल्याकडे परवान्यावर बोअर, म्हणजे नळीचं माप, लिहिलेलं असतं आणि काडतुसं त्याच बोअरची मिळतात. जी दुहेरी सोय .३५७ला श्रेष्ठ ठरवते, तीच आपल्या वाट्याला येत नाही. नाना गेले तेव्हा डब्यात बावीस काडतुसं होती. नवीन मिळवायला मी किती दुकानांचे उंबरे झिजवले! मिळाली तीही मोजकी, आणि एकेका काडतुसाची किंमत अशी की सराव करताना हात आखडायचा. सराव परवडत नसेल तर ते हत्यार आपलं झालेलंच नाही.

२. आकडे वाचा, सिनेमा पाहून ठरवू नका.

१९७१च्या 'डर्टी हॅरी'ने .४४ मॅग्नम घरोघरी पोहोचवलं. ते काडतूस मोठ्या शिकारीसाठी. आपल्याकडे वन्यजीव कायद्यामुळे आता शिकारीचा प्रश्नच उरत नाही. राहिलं स्वसंरक्षण.

.३२च्या काडतुसात साधारण साडेसहा ग्रॅमची गोळी असते आणि तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास. .३५७ची गोळी दहा ग्रॅमची आणि ऊर्जा सातशे ज्यूलच्या घरात. म्हणजे चौपटीहून जास्त. हा फरक ऐकायला मोहक वाटतो. पण १९३५ साली अमेरिकन पोलिसांना हे काडतूस हवं होतं, ते मोटारींच्या पत्र्याआड लपणाऱ्या दरोडेखोरांसाठी. पत्रा भेदणारी गोळी भिंतीपाशी थांबेलच असं नाही. आमच्या जुन्या वाड्याच्या भिंती दोन हात जाडीच्या दगडी होत्या. आता मी फ्लॅटमध्ये राहतो आणि साडेचार इंची विटेपलीकडे शेजाऱ्यांचं बाळ झोपलेलं असतं. आपली गोळी कुठे थांबेल, हा विचार गोळी सुटण्याआधी करायचा असतो, आणि तो हत्यार निवडतानाच करावा.

३. हाताला पेलेल तेच आपलं.

नानांचं रिव्हॉल्व्हर रिकामं असतानाच किलोभर वजनाचं होतं. रेंजवर पहिली गोळी काळ्या वर्तुळाच्या काठावर लागली आणि मी हरखलो. पुढच्या पाचही खाली जमिनीकडे गेल्या. शेजारी उभ्या असलेल्या, सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी हत्यार माझ्याकडून घेतलं, माझ्या नकळत दोन घरांत वापरलेल्या रिकाम्या पुंगळ्या भरल्या आणि परत दिलं. घोडा रिकाम्या पुंगळीवर आपटला, आवाज झालाच नाही, पण नळी मात्र वीतभर खाली झुकली. धक्का येण्याआधीच माझं मनगट घाबरून मोडत होतं. "साहब, गोली नहीं, आप चूक रहे हैं," ते म्हणाले. तो धडा मी आजही प्रत्येक नवशिक्याला देतो.

एक गोष्ट उलटी वाटेल, पण खरी आहे. हलकं हत्यार हाताला जास्त झोंबतं. तेच काडतूस जड रिव्हॉल्व्हरमधून सोडलं तर बराचसा धक्का पोलादच पचवतं. कमरेला हलकं हवं आणि काडतूस मॅग्नम हवं, हे दोन्ही एकत्र मागाल तर सराव कधीच होणार नाही. बंद खोलीत मॅग्नमचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो. कानात बोळे घातल्याशिवाय सराव एकदाही करू नका.

४. बिघडलं तर कोण उघडणार, ते विचारा.

१९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. त्यामुळे देशात जी परदेशी रिव्हॉल्व्हर आहेत ती जुनीच, हातोहाती फिरणारी, आणि त्यांचा भाव लाखांत. नानांच्या रिव्हॉल्व्हरची एक छोटी स्प्रिंग तुटली तेव्हा ते सात महिने बिनकामाचं पडून राहिलं. संकट सात महिने थांबत नाही.

कानपूरचं .३२ काही जगातलं सर्वांत देखणं हत्यार नाही. चाप जड आहे, त्याला बोट तयार करावं लागतं. पण सुटा भाग मिळतो आणि कारागीर ते ओळखतो. २०१४ साली कानपूरच्या आयुध निर्माणीने अर्ध्या किलोचं 'निर्भीक' आणलं, तेव्हा किंमत होती १,२२,३६० रुपये. मधोमध मोडून काडतुसं भरायची जुनी पद्धत त्यात आहे. २०२३ साली आलेल्या 'प्रबल'चा सिलिंडर बाजूला उघडतो, नळी ७६ मिलिमीटरची आणि वजन ७०० ग्रॅम. दोन्ही हातात घेऊन पाहावीत. मूठ तळव्यात भरते का, करंगळी लोंबकळते का, चाप बोटाच्या पहिल्या पेरावर येतो का, हे जाहिरात सांगत नाही.

५. जुनं घ्यायचंच असेल तर ते बोलतं, ऐका.

आधी रिकामं आहे याची दोनदा खात्री करा. मग घोडा हळू चढवा. सिलिंडर फिरून प्रत्येक घर नळीच्या नेमकं मागे येऊन घट्ट बसलं पाहिजे. सहाही घरं तपासा, एकावर समाधान मानू नका. जागेवर बसलेला सिलिंडर डगडग हलत असेल तर गोळी नळीत तिरकी शिरेल आणि तिचे कण बाजूला उडतील. नळीतून उजेडाकडे बघा. आतली वळणं स्वच्छ दिसली पाहिजेत, आणि कुठे काळं कडं दिसलं तर नळी फुगलेली समजा. सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून गोळी सुटताना तप्त वायू बाहेर येतो. मॅग्नममध्ये तो बोट फाडू शकतो, म्हणून दुसऱ्या हाताची बोटं तिथे कधीच जाता कामा नयेत.

६. नानांच्या डब्यातल्या काडतुसांवर भरवसा ठेवू नका.

ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा आणि त्यामागोमाग दमट पावसाळा. नानांच्या बावीसपैकी तीन काडतुसं पेटलीच नाहीत. अशा वेळी लगेच उघडून बघायचं नाही. नळी निशाण्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण काडतूस उशिराही पेटू शकतं. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका, फुसका आला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुटते.

आता माझ्या .३२च्या पितळी बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असतात. खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासूनचा. पुण्याजवळच्या गावातून आलेली काडतुसं लष्करातल्या मराठी घरात पोहोचतात, याचं मला समाधान आहे. जुनी सरावात संपवायची आणि नवी जपून ठेवायची, हे चक्र त्यांच्यामुळेच चालू राहिलं.

७. क्रमांक पाठ असू द्या.

बेरेटा, क्रमांक ६०६८२४. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर झाडलेलं पिस्तूल त्याच्या दोन दिवस आधी आमच्या ग्वाल्हेरात हाती आलं होतं. ते शोधायला आलेल्यांत मराठी बोलणारी माणसं होती आणि ते मिळवून देण्यातही मराठी माणसाचं घर गुंतलं होतं. या शहरात मराठी म्हणून जगताना हे ओझं मी विसरत नाही. हातोहाती गेलेलं बिननोंदीचं हत्यार कुठे जाऊन थांबेल, हे देणाऱ्याच्या हातात राहत नाही.

म्हणून विकताना, दुरुस्तीला देताना, निवडणुकीत ठाण्यात जमा करताना पावतीवरचा क्रमांक हत्यारावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. ओळखीच्या माणसाला 'दोन दिवस' म्हणून कधीही देऊ नका, मग तो सख्खा भाऊ असला तरी.

८. मिरवायचं असेल तर घेऊच नका.

भिंड, मुरैना, ग्वाल्हेर या पट्ट्यात खांद्यावरची बंदूक म्हणजे इभ्रत. आमच्या जिल्ह्यातच तीस हजारांवर परवाने आहेत. शेजारच्या शिवपुरीत २००८ साली नसबंदी करून घेणाऱ्याला परवान्यात प्राधान्य देऊ केलं गेलं. ओढ किती खोल आहे ते यावरून कळावं.

एका लग्नात वरातीतल्या कुणीतरी आभाळाकडे नेम धरला. गोळी मांडवाच्या कापडी छतातून खाली आली आणि पाणी वाढणाऱ्या पोराच्या खांद्यात शिरली. पोरगा वाचला, पण त्याचा हात पुढे कधी डोक्याच्या वर गेला नाही. त्या रात्री माझ्याही कमरेला मॅग्नम होतं आणि मी ते लग्नात का आणलंय, याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलं आहे. पण कायद्याआधी त्या पोराचा खांदा आठवावा.

९. घरातल्या माणसांचा विचार सर्वांत आधी.

हत्यार आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत ठेवा. किल्ली देवघरात नाही, कपाटावरही नाही, तर अंगावर. चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पावसाळ्यात पोलाद गंजतं. तेलाचा हलका हात देऊन कापडात गुंडाळा. आणि घरात कुणी खचलेलं असेल, कर्जात, दारूत किंवा दुःखात, तर त्याच दिवशी हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करा. कायद्यात तशी सोय आहे. ते परत आणता येतं, माणूस आणता येत नाही.

भाच्याने हे सगळं ऐकून घेतलं. थोडा हिरमुसला, मग उठून गेला. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आला तेव्हा सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र खिशातून काढून दाखवलं. मॅग्नमचं नाव निघालं नाही. त्याने एवढंच विचारलं, "मामा, खडकीची काडतुसं वर्षाला किती मिळतील? महिन्यातून एकदा तरी सराव व्हायला हवा."

मी त्याच्या तळव्यावर तिळगूळ ठेवला आणि तो हात जरा वेळ हातात धरून पाहिला. मूठ चांगली बसेल त्यात.