मे महिन्यात गंगेत नौकाविहार

प्रश्न : मी ६३ वर्षांची, यजमान ६८. मेअखेरीस काशीला जातोय. अस्सी ते राजघाट नावेतून सगळे घाट पाहायचे आहेत. नदीवर वारा असतो, तर उन्हाचा त्रास होणार नाही ना? यजमानांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे.

उत्तर : जरूर जा, पण वाऱ्यावर विसंबू नका. हवा चाळीस अंशांपुढे गेली की तोच वारा, म्हणजे तिकडची लू, अंग तापवतो. घाम लगेच सुकतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. पाण्यावरून परावर्तित झालेलं ऊन वेगळंच. यजमानांच्या गोळीने शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना आधी भेटा.

पहाटे पाचला नावेत बसा, सातपर्यंत उतरा. घाट पश्चिम तीरावर, पूर्वाभिमुख आहेत. सकाळचं कोवळं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं, त्यामुळे दर्शनालाही हीच वेळ उत्तम. छत असलेलीच नाव घ्या. तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट पाणी प्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवा, अर्ध्या ग्लासात नव्हे.

चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर नाव लगेच काठाला लावायला सांगा. बोलणं असंबद्ध झालं, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजा. तोंडात पाणी ओतू नका. अंग भिजवा, वारा घाला आणि १०८ला फोन करा. भर दुपारची फेरी मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका.