एका बोटाने दाखवता येणारं दुखणं

पायाच्या डॉक्टरला धावताना इजा होत नाही, असा एक गोड समज आमच्या धावण्याच्या क्लबात होता. गोष्ट १९८०च्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोची. आमच्या कॉलेजात पोडिअ‍ॅट्री, म्हणजे पाऊल आणि घोटा एवढ्याचंच वैद्यक शिकवलं जायचं. अमेरिकेत हा चार वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. डीपीएम ही पदवी मिळते आणि पावलाच्या शस्त्रक्रियाही हे डॉक्टर करतात. माझ्या आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "आणि वरचा उरलेला माणूस कोण बघतं रे?" असं ती विचारायची.

अमेरिकेत तेव्हा धावण्याचं वेड भरात होतं. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टरने मॅरेथॉनचं सुवर्णपदक मिळवलं आणि बघता बघता बँकेतले कारकून, वकील, प्राध्यापक सगळे रस्त्यावर उतरले. त्यांचे दुखरे पाय आमच्या ओपीडीत यायचे. आम्ही विद्यार्थी दिवसभर ते पाय तपासायचो आणि संध्याकाळी गोल्डन गेट पार्कातून थेट समुद्रापर्यंत धावायचो. उन्हाळ्यातही तिथे धुकं आणि बोचरं वारं असे.

नवा सभासद आला की आधी त्याचे पाय ओले करून खाकी कागदावर उभं करायचं. कागदावर गौरीच्या पावलांसारखे ठसे उमटत. त्यावरून तळव्याची कमान ठरायची. सपाट पावलाला कडक बूट, उंच कमानीला मऊ बूट. मग प्लॅस्टरचा साचा घेऊन प्रयोगशाळेत कडक प्लॅस्टिकचं इनसोल बनवायचं. मर्टन रूट यांनी पावलाच्या बायोमेकॅनिक्सचा पाया याच शहरात घातला होता, त्यामुळे कोन मोजण्याची हौस आमच्या हवेतच होती. हात बसावा म्हणून आम्ही एकमेकांना इनसोलं फुकट करून द्यायचो. माझ्या खोलीत ती एका खोक्यात साठली होती.

पुढे २००९-१०च्या सुमारास अमेरिकी सैन्याने नव्या भरतीतल्या हजारो तरुणांवर कमान पाहून बूट देण्याची हीच पद्धत तपासून पाहिली. निम्म्यांना कमानीप्रमाणे निवडलेले बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकच बूट. दोन्ही गटांत दुखापती जवळपास सारख्याच निघाल्या. इनसोल निरुपयोगी असतं असं मी म्हणत नाही, योग्य रुग्णाला त्याने बरं वाटतं. पण दुखलं की बुटात काहीतरी घालायचं आणि धावत राहायचं, ही सवय आम्हा सगळ्यांना लागली होती.

सॅन फ्रान्सिस्कोत मे महिन्यात 'बे टू ब्रेकर्स' नावाची बारा किलोमीटरची शर्यत होते. १९०६च्या भूकंपातून सावरणाऱ्या शहराला उभारी यावी म्हणून ती १९१२ साली सुरू झाली. १९८६ साली तिच्यात लाखाहून जास्त लोक धावले. निम्मी जत्रा आणि निम्मी शर्यत असा तिचा थाट. तिच्यात गोमेचा एक वेगळा गट असतो. तेरा जणांनी एकमेकांना जोडून घ्यायचं, पुढच्याने डोक्यावर मिशा लावायच्या आणि सगळ्यांनी मिळून एक प्राणी होऊन धावायचं. पायांच्या डॉक्टरांनी गोम व्हायचं नाही तर कुणी?

आमच्या गोमेतला सगळ्यात वेगवान मुलगा वर्षाने मोठा होता. पूर्वीच्या कॉलेजात तो चारशे मीटर धावायचा. एप्रिलपासून त्याच्या पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या जरासं पुढे दुखायला लागलं. सूज नाही, लाली नाही. निदानं मात्र भरपूर झाली. एकाने सांगितलं, लेस घट्ट बांधतोस. दुसऱ्याने स्नायूबंधावर सूज आहे म्हणून बर्फ लावायला लावला. तिसऱ्याने नवं इनसोल करून दिलं. एक्स-रेही काढला आणि तो स्वच्छ आला. त्यावर सगळ्यांचं समाधान झालं. सराव थांबव, असं एकानेही म्हटलं नाही. तो थांबता तर गोमेचा एक दुवा निखळला असता, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

शर्यतीत हेज स्ट्रीटचा उभा चढ लागतो. तो चढ त्याने पार केला, पलीकडचा उतारही उतरला आणि पार्कात शिरल्यावर पाय टाकेनासा झाला. नंतरच्या बोन स्कॅनमध्ये ती जागा काळी ठिक्कर दिसली आणि सीटी स्कॅनमध्ये चीर सापडली. नेव्हिक्युलर नावाचं छोटं हाड कमानीच्या माथ्यावर बसलेलं असतं. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथली चीर सावकाश भरते. अशा वेळी सहा ते आठ आठवडे पाय जमिनीला अजिबात न टेकवता प्लॅस्टरमध्ये ठेवावा लागतो. त्याला शेवटी स्क्रू घालावा लागला. तो उत्तम सर्जन झाला, पण वेगाने धावणं संपलं.

आता हिवाळ्यात पुण्याला येतो तेव्हा मुंबई मॅरेथॉनची, साताऱ्याच्या हाफची तयारी करणारे लोक भेटतात आणि बूट दाखवून कोणता घेऊ विचारतात. मी आधी विचारतो, कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा. सगळा तळहात फिरवून 'हे असं सगळं दुखतं' म्हणालात, तर बहुधा स्नायूंचं दुखणं असतं आणि विश्रांतीने उतरतं. बोट एकाच जागी, हाडावर टेकलं, तिथे दाबल्यावर कळ आली, आणि धावताना दुखणं वाढत जात असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणाने हाडाला गेलेली चीर, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बऱ्याचदा दिसतच नाही. एक्स-रे स्वच्छ आला तरी डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. टाचेचं दुखणं वेगळं. सकाळी अंथरुणातून उठल्यावरच्या पहिल्या पावलांना टाच दुखते आणि चार पावलांनी सैल पडते, ते प्लान्टर फॅसायटिस. ते चिवट असतं, पण धोक्याचं क्वचितच.

हाडाला चीर जाण्याची कारणं बुटापेक्षा बाहेरच जास्त सापडतात. अंतर किंवा वेग एकदम वाढवलेला असतो. आठवड्याला दहा टक्केच वाढवा हा नियम काही दगडावरची रेघ नाही, पण आठ किलोमीटरवरून थेट वीसवर जाऊ नये एवढं तरी पाळा. दुसरं कारण खाणं. शनिवारचा उपवास आणि रविवारी पहाटे लाँग रन, हा आपल्याकडचा खास प्रकार मला बिलकूल आवडत नाही. बायकांची पाळी धावण्याच्या काळात लांबली किंवा बंद झाली, तर त्याला तंदुरुस्ती समजू नका. शरीराला अन्न पुरत नाही आणि हाडं ठिसूळ होताहेत याची ती खूण असू शकते.

मधुमेह असलेल्यांसाठी मात्र वरचं सगळं अपुरं आहे, कारण त्यांच्यातल्या अनेकांना दुखतच नाही. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम केलेले डॉ. पॉल ब्रँड पुढे अमेरिकेत कारव्हिलला गेले. बधिर पायाला होणाऱ्या जखमा रोगाने कमी आणि न जाणवलेल्या दाबाने जास्त होतात, हे त्यांनी दाखवलं. साखर कमी करायला धावायला लागला असाल तर आधी दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या बारीक तंतूने, तळव्याची संवेदना तपासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. बधिरपणा निघाला तर अनवाणी धावण्याच्या नादी लागू नका, देवळाच्या तापलेल्या फरशीवरही मोजे घाला आणि रोज रात्री तळवे आरशात पाहा.

स्पर्धेच्या पहाटे डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊन उभं राहू नका. दुखणं झाकलं जातं, आणि घामाने शरीर सुकलेलं असताना मूत्रपिंडांवर ताण येतो तो वेगळाच. धावण्याचे गट चालवणाऱ्यांना एक विनंती. पाय दुखतो म्हणून सरावाला न आलेल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर 'कारणं देतो' म्हणून चिडवू नका. तो आला तर त्याला घरी पाठवा.